चेसिस नंबर लागण्याआधी

नगर रस्त्यावर वाघोली मागे पडली की दोन्ही बाजूंना गोदामांच्या पत्र्याच्या भिंती सुरू होतात. त्यांच्या मधून एक मुरमाचा रस्ता आत वळतो. रात्री पाऊस पडून गेलाय. ट्रेलरच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत लालसर पाणी साचलंय. फाटकाशी रखवालदार वहीत आमची नावं आणि वेळ लिहून घेतो. आत पाऊल टाकल्यावर समोर नुसत्या गाड्या. पांढऱ्या, करड्या, मधूनच एखादी लाल. सगळ्या नव्या, सगळ्या बिननंबराच्या, आरसे मिटून एकमेकींना खेटून उभ्या. बॉनेटवर पांढरी फिल्म, काचेवर बारकोडचा कागद, अंगावर वाळलेल्या पावसाचे ठिपके. शोरूममधल्या दिव्यांखाली हीच गाडी आम्ही पाहिली होती तेव्हा तिच्यावर एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. इथे ती उन्हापावसात उभी आहे, आणि म्हणूनच ती इथे बघायची आहे.

सप्टेंबर २०२५. पितृपंधरवडा संपत आलाय. रविवारी सर्वपित्री, सोमवारी घटस्थापना. एरवीही या पंधरवड्यात गाडी घरी नेणारे थोडेच. त्यात यंदा छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ तारखेपासून उतरतोय. २८ टक्के आणि वर उपकर होता, तो १८ टक्क्यांवर येतोय. ती २२ तारीख नेमकी घटस्थापनेची. मुहूर्त आणि दर दोन्ही एकाच सोमवारी आल्यामुळे लोक थांबलेत, आणि यार्डात पाय ठेवायला जागा नाही. आमच्या दृष्टीनं मात्र हे दिवस सोन्यासारखे आहेत. बहिणीनं गाडी बुक केलीय, पण इन्व्हॉइस सोमवारनंतरच निघणार. म्हणजे अजून कुठलाही चेसिस नंबर तिच्या नावाला चिकटलेला नाही.

बहीण शिक्रापूरला राहते, शिरूरकडच्या एका शाळेत शिकवते. इतकी वर्षं एसटी, आणि एसटी चुकली की वडाप. ही तिची पहिली गाडी. कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जाणार आहे, म्हणून आज वहीपेन तिच्याच हातात आहे. सोबत मामा आहेत. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी आयुष्यभर बसच्या बॉडीचं काम केलं. पत्रा त्यांना बोटांनी वाचता येतो. त्यांच्या पिशवीत टॉर्च आहे, सुती फडकं आहे, हवा मोजायचं गेज आहे आणि जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेलं, रंगाची जाडी मोजणारं मुठीएवढं यंत्र आहे.

शोरूमचा मुलगा आमच्या आधी येऊन थांबलाय. गळ्यात ओळखपत्र, इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल. तो एक कागद पुढे करतो.

"काका, आमच्या टेक्निशियननं पीडीआय पूर्ण केलंय. सगळ्या रकान्यांत टिक आहे, खाली सही आहे."

मामा चष्मा लावून डिलिव्हरीआधीच्या तपासणीचा तो कागद वरपासून खालपर्यंत वाचतात आणि परत देतात. "चांगलं केलंय त्यानं. आता जिची गाडी आहे तिलाही करू दे."

हा हट्ट का, हे सांगायला हवं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, अधिकृत विक्रेत्यानं विकलेली पूर्ण तयार गाडी नोंदणीसाठी आरटीओत नेऊन दाखवावी लागत नाही. कागद विक्रेताच ऑनलाइन पाठवतो, नंबर येतो, पाटी लागते. खेटे वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आता कारखान्याबाहेर पडल्यापासून रस्त्यावर येईपर्यंत त्या गाडीकडे जे जे पाहतात ते सगळे ती बनवणारे किंवा विकणारे. विकत घेणाऱ्याची नजर तिच्यावर पडायची तर ती नोंदणीच्या आधीच पडायला हवी. एकदा तिच्या नावानं नंबर आला की रस्ता कर भरलेला असतो. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो किमतीच्या ११ टक्के आहे. विमा उतरलेला असतो, बँकेचा बोजा चढलेला असतो, आणि परत घ्यायची म्हटली तर विक्रेत्याच्या हातात वापरलेली गाडी येणार असते. मग "बदलून द्या" या शब्दांना वजन राहत नाही. "दुरुस्त करून देतो" एवढंच उत्तर मिळतं.

चाव्या एका लाकडी फळीवर टांगल्यात, प्रत्येकीला कागदी चिठ्ठी. यार्डातला पोरगा त्यातली एक काढतो आणि ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या निळ्या गाडीकडे नेतो. बादली आणि फडकं घेऊन तो लगेच पाणी मारायला निघतो.

"थांब रे बाळा. आधी कोरडी बघू, मग धू, मग पुन्हा कोरडी पूस. ओल्या रंगावर ओरखडा दिसत नाही."

पहिलं काम नंबराचं. बहीण डाव्या बाजूचं पुढचं दार उघडते, सीट मागे सरकवते, गालिच्यात कापलेली छोटी झडप उचलते. खाली पत्र्यात ठोकलेला नंबर. सतरा अक्षरं-आकडे. ती टॉर्चच्या उजेडात एकेक वाचते, मी वहीत उतरवतो. मधेच ती "ओ" म्हणते.

"ओ नाही, शून्य," मामा बाहेरून सांगतात. "त्यात ओ कधी नसतो. आय नसतो, क्यू नसतो. आकड्यांशी गल्लत होते म्हणून ठेवलेच नाहीत."

मग दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा नंबर, मग शोरूमच्या कागदावरचा. तिन्ही जुळतात. या सतरांत कारखान्याचं वर्षही लपलेलं असतं. २०२३ ला पी, २०२४ ला आर, २०२५ ला एस. वर्षाची आणि महिन्याची जागा कंपनीनुसार बदलते, म्हणून मुलाकडून त्यांच्या कंपनीचा तक्ता मोबाइलवर मागवून घेतो. गाडी जूनची निघते. नोंदणीसाठी विक्रेता जे विक्री प्रमाणपत्र देतो, त्या नमुना २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावंच लागतं. पुढे कधी गाडी विकायला काढली तर घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

आता टायर. बाजूच्या रबरावर एक छोटी लंबगोल चौकट असते, तिच्यात चार आकडे. इथे २१२५. म्हणजे २०२५ सालातला एकविसावा आठवडा, मे महिन्याचा शेवट. चारही टायर आणि स्टेपनी आठवड्या-दोन आठवड्यांच्या फरकानं जुळतात. टायर गाडीपेक्षा थोडा आधीचा असणार, हे साहजिक आहे. गाडी जूनची आणि एखादा टायर ऑगस्टचा निघाला असता तर तो का बदलावा लागला, हे विचारायला हवं होतं. पुढे काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण असते. सहाही काचा एकाच घराण्यातल्या आहेत. बहीण वहीत खुणा करत जाते. तिचा चेहरा खुललाय. शोरूमचा मुलगाही मोकळा झालाय, फोन कानाला लावून पलीकडे गेलाय.

मामा अजून गाडीला हात लावत नाहीत. ते मागच्या बाजूला जाऊन उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात आणि गाडीच्या कुशीवरून पुढे नजर टाकतात. ढग थोडे फाकलेत, गोदामाच्या पत्र्याची कड दारांवर उमटलीय. पुढच्या दारावर ती सरळ, मागच्या दारावर सरळ, आणि मागच्या चाकावरच्या भागात येताना किंचित हलते. मी त्यांच्याजागी बसून बघतो, मला काही दिसत नाही. ते माझं डोकं धरून दोन बोटं खाली करतात. दिसतं. रेष तिथे थरथरते.

मग यंत्र निघतं. छतावर ११२. बॉनेटवर १०८. उजव्या दारांवर ११५, १२१. डाव्या दारांवर तसंच. आणि मागच्या डाव्या क्वार्टर पॅनेलवर २९६. मामा हात थोडा सरकवतात. ३१०. पुन्हा खाली, १४०.

हे आकडे मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो; कारखान्यातला सगळा रंग, खालच्या गंजरोधक थरापासून वरच्या चकाकीपर्यंत, दीड-दोन केसांत मावतो. ३०० म्हणजे तिथे रंगावर रंग चढलाय, कदाचित खाली लांबीही आहे.

"रंग मारला तर काय झालं मामा?" बहीण विचारते. तिला खरंच जाणून घ्यायचंय. "चकाकतोय तर तेवढाच."

मामा गाडीला टेकून नीट सांगतात. कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. काच नाही, रबर नाही, वायर नाही. तो अख्खा हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहानं पहिला थर सांध्यासांध्यांत बसवतात, आणि मग प्रत्येक टप्प्याला भट्टीत भाजतात. वरचे रंग १४० अंशांच्या आसपास. गाडी तयार झाल्यावर तेवढी उष्णता तिला देता येत नाही, आतलं प्लॅस्टिक आणि वायरिंग जाईल. म्हणून बाहेर मारलेला रंग ६०-७० अंशांवर वाळवतात. हात चांगला असेल तर तो वर्षानुवर्षं टिकतो. नसेल तर चार पावसाळ्यांत छटा बदलते, कडा सुटते, आणि खाली पत्रा ठोकून सरळ केला असेल तर गंज तिथूनच डोकं काढतो.

"आणि सगळ्यात आधी," ते म्हणतात, "इथे काय लागलं होतं, हे आपल्याला ठाऊक नाही."

बहीण मागचं दार उघडते. दाराच्या रबरी पट्टीची कड बोटानं उलटते. आतल्या काळ्या रबरावर निळ्या रंगाची केसासारखी बारीक रेष आहे. कारखान्यात रंग आधी आणि रबर नंतर लागतं. मागच्या दिव्याच्या स्क्रूच्या डोक्यावरही पान्याचे ओरखडे आहेत. उजव्या बाजूचा तोच स्क्रू गुळगुळीत आहे.

मुलाला हाक मारतो. तो यंत्रावरचा आकडा बघतो, रबर बघतो, आणि त्याचं तोंड उतरतं. मला वाटतं त्याला हे माहीत नव्हतं. तो साहेबांना फोन लावतो, स्पीकरवर टाकतो.

"ट्रान्झिटमध्ये किरकोळ काही लागलं असेल," पलीकडून आवाज येतो. "आमच्याच वर्कशॉपमध्ये केलेलं काम असेल, ओरिजिनल पेंट, वॉरंटीला काही बाधा नाही. मॅडम, मी तुम्हाला ॲक्सेसरीजमध्ये ॲडजस्ट करून देतो. सीट कव्हर, मॅट, सगळं."

बहीण फोनजवळ जाते. वर्गात बोलावं तसा तिचा आवाज शांत आणि स्पष्ट आहे. "साहेब, गाडी दाखवायच्या आधी हे सांगितलं असतं तर मी विचार केला असता. आम्ही शोधून काढल्यावर सांगताय. मला ही गाडी नको. दुसरी दाखवा, आणि हा नंबर माझ्या फाइलला लागणार नाही एवढं बघा."

क्षणभर पलीकडे कुणी बोलत नाही. मग, "ठीक आहे मॅडम. यार्डात ऑगस्टचा एक लॉट आलाय, त्यातली दाखवायला सांगतो."

हे ऐकताना मला गोव्यातला एक खटला आठवतो. एका ग्राहकानं २०११ चं मॉडेल म्हणून पैसे मोजले आणि त्याच्या हातात आली २००९ साली बनलेली, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी. प्रकरण ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा न्यायालयानं उत्पादक कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळं केलं: विक्रेता आणि कंपनी हे एकमेकांशी स्वतंत्रपणे व्यवहार करणारे दोन पक्ष आहेत, विक्रेत्याच्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झाल्याशिवाय तिला दोषी धरता येत नाही. खरेदी २०११ ची, निकाल २०२१ चा. दहा वर्षं. ग्राहकाला कायदा आहे आणि तो हवाच. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं तेव्हापासून महाराष्ट्रानं त्यासाठी कष्ट घेतलेत. पण त्या वाटेला लागणारी वर्षं बहिणीकडे नाहीत. तिच्याकडे आजची सकाळ आहे, आणि अजून न निघालेलं इन्व्हॉइस आहे.

दुसरी गाडी ओळीच्या मधोमध अडकलीय. ती निघेपर्यंत आम्ही फाटकाकडे जातो. तिथे एक लांब ट्रेलर उतरतोय. दोन मजल्यांवर गाड्या, चाकांना पट्ट्यांनी आवळलेल्या. चालक वरच्या मजल्यावर वाकून पट्टे सोडतोय. मग तो एका गाडीत शिरतो आणि ती उलटी घेत, दोन अरुंद लोखंडी पट्ट्यांच्या उतारावरून खाली आणायला लागतो. आरसे मिटलेले, दोन्ही बाजूंना वीतभर जागा. खाली उभा असलेला त्याचा साथीदार हातानं खुणा करतो, मधेच ट्रेलरवर थाप मारतो की तो थांबतो. अशा कितीतरी गाड्या हा माणूस रोज चढवतो-उतरवतो. रस्त्यात झाडाच्या फांद्या असतात, घाटात समोरून येणाऱ्या वाहनानं उडवलेला खडा असतो, रात्र असते. एखादीला लागणं हे त्याच्या हातात नेहमी नसतं. लागलं ते नोंदवलं गेलं, घेणाऱ्याला आधी सांगितलं गेलं आणि किंमत त्याप्रमाणे ठरली, तर त्यात कुणाचंच काही बिघडत नाही. झाकलं की बिघडतं. मामा ट्रेलरच्या चालकाशी दोन शब्द बोलून येतात, तंबाखूची देवाणघेवाण होते.

दुसरी निळी गाडी उजेडात येते. यार्डाच्या पोरानं ती चालवत आणल्यामुळे थंड इंजिनाचा आवाज ऐकायची संधी गेली, म्हणून मामा ती बंद करायला लावतात आणि बॉनेट उघडून ठेवतात. इंजिन निवतंय तोवर बाकीचं.

नंबर. पुन्हा सतरा, पुन्हा तीन ठिकाणी. ऑगस्ट २०२५. टायर २८२५, जुलैचा. किलोमीटर ११. आधीच्या गाडीवर ३८ होते. तेही फार नव्हेत, कारखान्यातली चाचणी, ट्रेलरवर चढ-उतार, यार्डातली हलवाहलव यांत तेवढे होतात. आकडा शंभराच्या पुढे गेला असता तर कारण विचारलं असतं.

मामा पुन्हा उकिडवे बसतात, पुन्हा एक डोळा मिटतात. पत्र्याची कड पुढून मागे सरळ धावते. यंत्र फिरतं: १०५, ११८, १२२, ११०. मागचं डावं पॅनेल ११६. बंपर प्लॅस्टिकचे, त्यांच्यावर यंत्र काही सांगत नाही. तिथे नखाची कड आणि नजर. दारं आणि सांगाडा यांच्यातल्या फटी मामा बोटाच्या पेरानं चाचपतात, डावी-उजवी जुळवून. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघतात. बोल्टवर पत्र्याचाच रंग आहे आणि तो कुठे खरचटलेला नाही, म्हणजे पान्यानं ते उघडलेले नाहीत.

छतावर पक्ष्याची शीट वाळलीय. पोरगा ती फडक्यानं खरवडायला जातो तेव्हा मामा त्याचा हात धरतात आणि ओलं फडकं दोन मिनिटं तिथे ठेवायला सांगतात. शीट आम्लधर्मी असते, उन्हात फार दिवस राहिली तर वरच्या चकाकीला खाते. फडकं उचलल्यावर खाली डाग नाही. बहीण सुस्कारा सोडते.

आत बसायची पाळी तिची. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच आहे. ती चारही पट्टे शेवटपर्यंत ओढते. हे मामांनी तिला कालच फोनवर सांगून ठेवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईत गाड्यांच्या रांगा पाण्याखाली गेल्या, आणि त्यानंतर बराच काळ लोक गाडी घेताना पट्टा आधी ओढून बघायचे. गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला पुराच्या गाळाची रेष राहते. यार्ड सखल भागात असू शकतं, पावसाळा नुकता सरतोय. इथे पट्टे टोकापर्यंत कोरे आहेत. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज नाही, गालिच्याला वास नाही.

ब्रेकच्या डिस्कवर मात्र तांबूस थर आहे, आणि तो बघून मी दचकतो. मामा मान हलवतात. उघड्या लोखंडावर एका पावसात तो चढतो आणि चार-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो. ते स्वतः जमिनीवर पोतं टाकून टॉर्च घेऊन खाली सरकतात. सायलेन्सरच्या जोडावर तसाच वरवरचा गंज आहे. वेल्डिंगचे सांधे कोरडे आणि रंगलेले आहेत, कुठे तेलाचा ठिपका नाही. खालूनच ते सांगतात, मी लिहितो. त्यांच्या वयाच्या माणसानं चिखलात असं आडवं व्हावं, हे बघून शोरूमचा मुलगा दुसरं पोतं घेऊन धावतो आणि त्यांच्या डोक्याखाली घडी करून ठेवतो.

इंजिन आता बऱ्यापैकी निवलंय. मामा पट्टी काढून तेल बघतात, मधाच्या रंगाचं, वरच्या खुणेपाशी. कूलंट आणि ब्रेक फ्लुइड दोन खुणांच्या मधे. वायरींच्या गुंड्यांत टॉर्च फिरवतात, कारण बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर आधी तिथे घर करतो. कुरतडल्याची खूण नाही, लेंड्या नाहीत. बॅटरीचे व्होल्ट १२.५.

"लाव चावी. अजून सुरू करू नकोस."

सगळे दिवे लागतात: इंजिनचा, तेलाचा, बॅटरीचा, एबीएसचा, एअरबॅगचा.

"आता कर."

इंजिन लागतं आणि एकेक दिवा विझतो. एअरबॅगचा सगळ्यात शेवटी. एखादा दिवा मुळात लागलाच नाही, तर तीही तक्रारच आहे, हे बहीण स्वतःच्या अक्षरात लिहून घेते. मग काचा वर-खाली, वायपर, पाण्याची फवारणी, हॉर्न, इंडिकेटर, रिव्हर्सचा कॅमेरा, एसी, दोन्ही चाव्यांनी लॉक. हे भराभर होतं. तिचा हात आता सरावलाय. बाजूच्या खिडकीची काच उतरताना किंचित कुरकुरते. दुसऱ्यांदा कुरकुरत नाही. तरी लिहितो.

डिकीत स्टेपनी आहे, जॅक आहे, त्रिकोण आहे. पाना नाही. मुलगा म्हणतो, डिलिव्हरीला देतो. बहीण त्याच्या हातात पेन देते. "यादीत लिहा, आणि सही करा." तो लिहितो: पाना येणे, खिडकीची पट्टी तपासणे. टायरमध्ये हवा ४२ भरतेय, यार्डात गाडी उभी राहून टायर एका जागी दबू नये म्हणून जास्त ठेवतात. डिलिव्हरीआधी दारावरच्या पट्टीत लिहिलीय तेवढी करणे. तीन ओळी, तारीख, सही.

"हीच हवी," ती म्हणते. मामा फडक्यानं हात पुसत नुसती मान डोलावतात.

पलीकडच्या ओळीत एक कुटुंब आलंय. आजी-आजोबा, दोन मुलं, नवराबायको. मुलं गाडीच्या आत उड्या मारतायत, आजी बॉनेटवरून हात फिरवतेय, आणि नवरा बॉनेटवरच कागद ठेवून सह्या करतोय. एकामागून एक, न वाचता. त्यांचा आनंद मला दिसतो आणि त्यांच्या मागच्या दाराकडे माझी नजर वळल्याशिवाय राहत नाही. मामाही तिकडेच बघतायत. ते पिशवीतून यंत्र काढतात, त्या गृहस्थाजवळ जातात. "नमस्कार. अभिनंदन. पाच मिनिटं असतील तर गाडी बघू का तुमची? सही थोडी थांबवा." तो माणूस आधी बावरतो, मग पेनाला टोपण लावतो. आजोबा पुढे होतात, विचारतात, "काय बघायचं असतं हो यात?" आणि मामा त्यांना झडप उचलून नंबर दाखवायला लागतात.

इकडे बहीण शोरूमच्या मुलाला सोडत नाही. तोंडी अलॉटमेंट तिला नकोय. "आत्ता इथून मेल करा. बुकिंग नंबर, चेसिस नंबर, आणि या तीन ओळी." तो मोबाइलवर टाइप करतो, एकदा चुकतो, पुन्हा करतो. रेंज कमी आहे, म्हणून दोघं फाटकापर्यंत चालत जातात. मेल येतो. ती वहीतला नंबर वाचते, मी पडद्यावरचा बघतो. सतरावा आकडाही जुळतो.

"मॅडम, मग डिलिव्हरी दसऱ्याला ठेवू ना? दोन ऑक्टोबर. हार, नारळ, सगळं आमच्याकडून."

"नोंदणी होऊन पाटी लागली की मला फोन करा. पाटीशिवाय गाडी द्यायची नसते, माहितेय ना? मी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला येईन, उजेड असताना. हाच नंबर बघेन, पाना बघेन, खिडकी बघेन. मग सकाळी नारळ."

मुलगा ते सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकतो. पलीकडून मामांची हाक येते. त्यांना टॉर्च हवीय.